पुण्यात कारागिरी, दिघोरीत गुन्हा

गेल्या दीड दशकात मराठी मध्यमवर्गाच्या घरात एक नवा शब्द उंबऱ्यावर न थबकता थेट आत आला आहे. 'क्राफ्ट बियर' हा तो शब्द. हिंजवडीला किंवा खराडीला नोकरी करणारा मुलगा दिवाळीला गावी येतो, मित्रांसमवेत शनिवारी कोठे बसलो होतो ते बोलण्याच्या ओघात सांगून जातो आणि आईच्या कपाळावर आठी दिसताच तत्परतेने म्हणतो, "अगं आई, ती दारू नव्हे, क्राफ्ट बियर!" ज्या घरात तीन पिढ्यांत बाटली आली नाही, ज्या घरातील वडिलांची उमेद कार्यकर्ता म्हणून गावोगावच्या प्रवासात आणि एसटीच्या बाकांवर खर्ची पडली, ते वडीलही या उत्तरावर गप्प बसतात. 'दारू' म्हटले की काय बोलायचे ते त्यांना ठाऊक असते. 'क्राफ्ट'ला काय उत्तर द्यायचे ते ठाऊक नसते. शब्दाने आपले काम चोख बजावलेले असते.

मद्यपानाच्या दुष्परिणामांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात आणखी एका प्रवचनाची भर घालण्याचा येथे हेतू नाही. येथे प्रश्न आहे तो शब्दाचा. क्राफ्ट म्हणजे कारागिरी. हाताचे कसब, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव, भोवतालच्या मातीतून आलेला कच्चा माल आणि आपल्या मालाच्या बऱ्यावाईटाची कारागिराने स्वतःच्या शिरावर घेतलेली जबाबदारी, एवढे सारे त्या शब्दात येते. हा शब्द इतका मानाचा आहे की ज्या वस्तूला तो चिकटेल तिलाही मान मिळतो. म्हणूनच तो कोणी, कोणत्या कसोटीवर आणि कोणाला बहाल केला, हे तपासणे अगत्याचे आहे. त्याच महाराष्ट्रात तो ज्यांना मिळाला नाही, उलट ज्यांच्या दारी पोलिसांची गाडी आली, त्यांचाही हिशेब त्याबरोबरच मांडला पाहिजे.

'लहान' म्हणजे किती लहान?

या शब्दाचे माहेर पाश्चात्त्य देशांत आहे आणि तेथे त्याचा जन्म एका खऱ्या तक्रारीतून झाला, हे प्रथम मान्य करू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मूठभर महाकाय कंपन्यांनी बियरचा सारा धंदा गिळला. गावोगावच्या जुन्या भट्ट्या बंद पडल्या आणि सर्वत्र एकाच चवीचे, वायू भरलेले पाणी मिळू लागले. इंग्लंडमध्ये १९७१ साली याविरुद्ध ग्राहकांचीच चळवळ उभी राहिली. अमेरिकेत १९६५ साली फ्रिट्झ मेटॅग याने सॅन फ्रान्सिस्कोतील 'अँकर' ही बुडत चाललेली जुनी भट्टी विकत घेऊन सावरली आणि त्याच्यामागून शेकडो लहान उत्पादक पुढे आले. मोठ्या कारखान्याविरुद्ध लहान हाताने केलेले हे बंड होते, आणि स्वदेशीचा संस्कार झालेल्या माणसाला त्याचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

पण बंडाचा बाजार व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेतील अशा उत्पादकांच्या संघटनेने, ब्रूअर्स असोसिएशनने, 'क्राफ्ट' उत्पादकासाठी तीन कसोट्या ठरवल्या: तो लहान असावा, स्वतंत्र असावा आणि परंपरेला धरून असावा. लहान म्हणजे वर्षाला २० लाख पिंपांच्या आत. पुढे संघटनेतीलच एक बडा सभासद, बोस्टन बियर कंपनी, या मर्यादेच्या जवळ जाऊन ठेपला. आपल्याकडे अशा वेळी 'आता तो लहान राहिला नाही' असे म्हटले असते. तेथे मर्यादाच वाढवण्यात आली, आणि २०११ पासून लहान म्हणजे ६० लाख पिंपांपर्यंत असे ठरले. अमेरिकी पिंप सुमारे ११७ लिटरचे असते. म्हणजे वर्षाकाठी ७० कोटी लिटरपर्यंत बियर गाळणारा कारखानदार तेथे 'लहान कारागीर' ठरतो! तेवढ्यानेही भागेना. काही सभासद बियर सोडून इतरच पेये अधिक विकू लागले, तेव्हा २०१८ च्या अखेरीस 'परंपरा' ही कसोटीच व्याख्येतून गाळण्यात आली. बियर गाळता गाळता व्याख्याही गाळून घ्यायची ही कला मात्र अस्सल म्हटली पाहिजे.

'स्वतंत्र' या कसोटीची कथाही याहून निराळी नाही. शिकागोची नावाजलेली 'गूस आयलंड' २०११ साली जगातील सर्वांत मोठ्या बियर कंपनीने विकत घेतली. ज्या 'अँकर'पासून हे सारे सुरू झाले ती २०१७ साली जपानच्या सॅप्पोरोकडे गेली आणि २०२३ साली तिच्या दाराला कुलूप लागले.

आपल्याकडे ही लाट आली ती नेमकी या अवस्थेत: बंड संपल्यावर, नाव तेवढे शिल्लक उरल्यावर. पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाली. देशातील अगदी पहिल्या काही सूक्ष्म मद्यनिर्मितीगृहांपैकी ती एक, आणि तिच्या पायाभरणीला जर्मन तज्ज्ञ होता. २०१३ साली मुंबईत लोअर परळला एका अमेरिकी गृहस्थाने 'द बार्किंग डियर' काढले. गिरणगावाच्या त्याच परिसरात, जेथे एकेकाळी हजारो कामगार खऱ्या अर्थाने हाताने काम करत, तेथे आता 'हाताने केलेली' बियर मिळू लागली. मग पुण्याच्या मुंढव्यात 'इंडिपेन्डन्स' आली. नावातच स्वातंत्र्य! २०१५ साली 'बिरा ९१' या नावाची बियर बाजारात उतरली. ९१ हा दूरध्वनीवरील भारताचा संकेतांक. देशाचा क्रमांक बाटलीवर मिरवणारी ही बियर आरंभीच्या काळात बनत होती बेल्जियममध्ये, आणि तेथून आयात होऊन आपल्याकडे 'भारतीय क्राफ्ट' म्हणून विकली जात होती. पुढे तिच्यात जपानच्या किरीन कंपनीचा पैसा आला. स्वदेशीची अशी चेष्टा खुद्द इंग्रजांनाही सुचली नसती.

पेल्यात नेमके काय असते, तेही पाहू. बियरला लागतात चार वस्तू: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले, भाजलेले सातू. हॉप्स ही एका वेलीची फुले, गांजाच्याच कुळातील. त्यांनी कडवटपणा येतो आणि बियर टिकते. आपल्या ब्रूपबमध्ये पाणी तेवढे निश्चितपणे येथले असते, तेही बहुतेक टँकरचे. चांगला माल्ट जर्मनी-बेल्जियमचा, हॉप्स जर्मनी-अमेरिकेचे, यीस्ट परदेशी प्रयोगशाळेच्या पाकिटातले, पाककृती परदेशी आणि पेयाचे नावही परदेशी. अलीकडे कोकम, आंबा, नाचणी घालून पाहणारेही काही आहेत आणि त्यांची धडपड प्रामाणिक असेलही. परंतु विलायती पाकात चिमूटभर कोकम टाकले म्हणून पाक कोकणी होत नाही.

गंमत अशी की धान्याला मोड आणून, वाळवून, त्याचे सत्त्व काढण्याची विद्या मराठी स्वयंपाकघराला मुळीच नवी नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, दळून वस्त्रगाळ केलेले सत्त्व आपल्या आजीने प्रत्येक तान्ह्या लेकराला पाजले आहे. माल्ट दुसरे काय असते? आजीच्या त्या कौशल्याला मात्र कोणी 'क्राफ्ट' म्हटले नाही. ती बिचारी 'जुन्या वळणाची' ठरली.

सर्वांत मोठा विनोद आहे तो 'इंडिया पेल एल' या प्रकाराचा. प्रत्येक ब्रूपबच्या फळ्यावर हे नाव असतेच. नावात इंडिया, म्हणून आपल्या तरुणांना त्याचे कौतुक. पण ही बियर इंग्लंडात, प्रथम लंडनला आणि पुढे बर्टन गावी बनत असे आणि कलकत्ता-मुंबईच्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजाने इकडे येत असे. सहा महिन्यांच्या प्रवासात नासू नये म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालत. भारत तिच्या नावात आहे तो केवळ पार्सलवरचा पत्ता म्हणून! आणि येथे बियर गाळण्याचे कारखाने ज्यांनी उभारले त्यांत अग्रभागी होता एडवर्ड डायर. कसौलीची जुनी भट्टी त्याचीच. त्याचा मुलगा रेजिनाल्ड पुढे १९१९ साली जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देऊन इतिहासात गेला. बापाच्या धंद्याचा मुलाच्या पापाशी संबंध जोडणे न्यायाचे नाही आणि आम्ही तो जोडत नाही. पण ज्याला परंपरा म्हणून मिरवले जात आहे ती कोणाच्या छावणीतून आली, हे माहीत असावे एवढेच.

चैत्रातला गुन्हेगार

आता पुण्यापासून पूर्वेला, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊ. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यात दिघोरी (मोठी) हे गाव आहे. धानाची बांधी, जुने तलाव आणि पलीकडे जंगल असा हा झाडीपट्टीचा मुलूख. तालुक्याची हद्द गडचिरोलीला भिडते. या भागातील मोहाचे झाड फाल्गुन-चैत्रात फुलते. फुले पहाटे गळतात, म्हणून बायका, पोरे, म्हातारीकोतारी अंधारातच टोपल्या घेऊन निघतात आणि ऊन चढण्याच्या आत झाडाखालची फुले वेचून आणतात. अंगणात पसरलेल्या फुलांचा गोड, जड वास आठवडेच्या आठवडे गावावर असतो. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास साखर असते. दुष्काळात याच फुलांनी या मुलखाला जगवले आहे. त्यांच्या भाकरी झाल्या, लाडू झाले, गुराढोरांना ती खाऊ घातली गेली. फळांच्या टोळीपासून तेल निघाले. आणि याच फुलांची दारूही झाली.

ती कशी होते, हे येथे सांगण्याचे कारण तिचे गुणगान नव्हे. कसोटीच लावायची तर दोन्हीकडे सारखी लावावी, यासाठी ते सांगणे आवश्यक आहे. वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजत घालतात. काही दिवसांत ती आपसूक आंबतात; उन्हाळ्यात लवकर, हिवाळ्यात उशिरा. किती आंबले हे मोजायला यंत्र नसते. वासावरून, वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून आणि चवीवरून ते कळावे लागते. मग चुलीवर आंबवणाचे मडके, त्यावर वाफ धरणारे दुसरे भांडे, सर्वांत वर गार पाण्याचे भांडे, सांध्यांना चिखलमाती. वरचे पाणी तापले की बदलायचे. ते किती वेळा बदलले यावरून धारेची तीव्रता ओळखायची. 'पहिल्या धारेची' हा वाक्प्रचार मराठीत आला तो या भट्टीवरून, जर्मन तज्ज्ञाकडून नव्हे. गोंड समाजात जन्म, विवाह, मृत्यू आणि देवकार्य या सर्व प्रसंगी मोहाची धार देवापुढे पडते. तेथे ती करमणूक नसते, विधी असतो.

बियर आंबवलेली असते आणि मोहाची दारू आंबवून मग गाळलेली, हा फरक आहे आणि तो लहान नाही. पण अमेरिकी संघटनेच्या मूळच्या तीन कसोट्या समोर ठेवून पाहा. लहान? एका चुलीवर दोन-तीन मडकी. स्वतंत्र? हिच्यात बेल्जियमचा पैसा नाही, जपानचाही नाही. परंपरेला धरून? परंपरा किती पिढ्यांची, ते झाडालाच विचारावे लागेल. कच्चा माल दारातला, विद्या आईकडून मुलीकडे आलेली, भांडी गावच्या कुंभाराची. जगात 'क्राफ्ट' या शब्दाला काही अर्थ असेल तर तो येथे लागू पडतो, पुण्याच्या काचेआड नव्हे.

आणि या कारागिराला आपण काय दिले? विदर्भातील कोणत्याही वृत्तपत्राचे जिल्हा पान उघडावे. 'हातभट्टीवर धाड, मोहाचा सडवा नष्ट, एकावर गुन्हा' ही बातमी ठरलेली. कलमही ठरलेले: महाराष्ट्र दारूबंदी कायदा, कलम ६५. त्याच पुरवणीच्या मागील पानावर पुण्यातील 'बियर महोत्सवा'ची रंगीत छायाचित्रे असतात. एकाच कायद्याच्या छत्राखाली, एकाच आठवड्यात, एकाच वृत्तपत्रात! फरक इतकाच की एकीकडे परवाना आहे आणि दुसरीकडे नाही. पण परवाना म्हणजे कारागिरी नव्हे. परवाना म्हणजे सरकारी तिजोरीत शुल्क भरण्याची ऐपत.

हा भेद आजचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' नावाचे अख्खे प्रकरण आहे. मद्यावर राज्याचे कडक नियंत्रण असावे असेच कौटिल्य सांगतो. तरीही समारंभाच्या वेळी कुटुंबाने घरी श्वेतसुरा करावी, औषधासाठी अरिष्ट करावे, उत्सव-यात्रांच्या काळात चार दिवस मोकळीक असावी, एवढी जागा तो ठेवतो. ही जागा इंग्रजांनी पुसली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती मक्तेदारांच्या हाती एकवटली. १८९२ साली तर मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा करून ठाणे-कुलाब्याकडील लोकांच्या घरातील फुलांवरच निर्बंध आणले गेले. फुले खाणारा आणि फुले गाळणारा असा विवेक त्या कायद्यात नव्हता. साहेबाला काळजी होती ती लोकांच्या आरोग्याची नव्हे, महसुलाची. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, पण तेथेही कथा तीच: गावची भट्टी बंद आणि ठेकेदाराची चालू. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यामागील प्रेरणा उदात्त होती, परंतु मोहफुलावरचा साहेबाचा संशय त्यातही उतरला. ही फुले गोळा करण्यावरचे, साठवण्या-वाहून नेण्यावरचे निर्बंध सैल व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. आयात हॉप्सच्या पाकिटाला मात्र मुंबई बंदरापासून मुंढव्यापर्यंत कोणी अडवल्याचे ऐकिवात नाही. एक फूल पाहुणे आणि एक फूल आरोपी!

मग हातभट्ट्यांना परवाने द्यावेत काय?

येथे कोणी म्हणेल, की मग मोहाच्या दारूलाही तोच मान द्या. गोव्याने काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवून दिले आणि २०१६ साली राज्याचा वारसा म्हणून गौरवले. मध्य प्रदेशाने २०२२ साली 'हेरिटेज मद्य' धोरण आणून वनवासी बचत गटांना मोहाची दारू बनवण्याची परवानगी दिली. तेथे निदान व्याख्या प्रामाणिक आहे: प्रदेश ठरलेला, फूल ठरलेले, हात ठरलेले. नावाच्या बाबतीत आम्ही त्यांना पुण्याच्या 'क्राफ्ट'पेक्षा शंभर पावले पुढे मानतो.

पण तेवढ्याने आमचे समाधान होत नाही. मोहाच्या दारूचा गौरव करणाऱ्या शहरी लेखकांनी दिघोरीच्या पंचक्रोशीत रोवणीच्या दिवसांत एक आठवडा राहून पाहावे. दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईची मजुरी संध्याकाळी कोठे जाते, ते त्यांना कोणत्याही अहवालावाचून कळेल. देवापुढची धार वेगळी आणि रोज सांजेला नवसागर टाकून विकली जाणारी धार वेगळी. या दुसऱ्या धारेविरुद्ध गडचिरोलीच्या गावागावांतील स्त्रिया उभ्या राहिल्या, डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्यांना साथ दिली आणि १९९३ साली तो जिल्हा दारूमुक्त घोषित झाला. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली सरकारनेच ती उठवली. 'बंदी अपयशी ठरली' असे तेव्हा सांगण्यात आले. कायदा पाळला गेला नाही म्हणून कायदाच काढायचा, तर मग चोरीवरची बंदीही फारशी यशस्वी झालेली दिसत नाही.

म्हणजे आमचे म्हणणे असे, की दिघोरीच्या बाईला दारू वाईट आहे हे सांगायला पोलीस जातात, सामाजिक कार्यकर्ते जातात, आम्हीही जातो. आणि ते योग्यच आहे. मग तेच सांगायला मुंढव्याला, बाणेरला, लोअर परळला कोणी का जात नाही? राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याची दिशा राज्याला दिली आहे. त्या कलमात 'ग्रामीण भागापुरते' असे शब्द नाहीत. २००८ च्या शासन आदेशाने महिला मतदारांना 'आडवी बाटली' करून दारूचे दुकान बंद पाडण्याचा अधिकार दिला. खेड्यापाड्यांतील अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायकांनी भर उन्हात रांगा लावून तो बजावला. शहरातील सुशिक्षित प्रभागांत तेच मत मागायला कोण निघणार आहे?

राज्यकर्त्यांकडून फारशी आशा नाही, आणि यात पक्षभेद करण्याचे कारण नाही. २०२२ च्या जानेवारीत एका सरकारने किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाइन ठेवायला संमती दिली. लोकांनी ओरड केली तेव्हा ते बारगळले. २०२३ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या सरकारने बियरचा खप कमी होतो आहे म्हणून अभ्यासगट नेमला. कुपोषणाचा, शाळागळतीचा नव्हे, बियरच्या खपाचा अभ्यास! युक्तिवाद असा की बियरमध्ये मद्यांश कमी, कर मात्र जास्त, म्हणून ग्राहक कडक मद्याकडे वळतो. २०२५ च्या जूनमध्ये १४ हजार कोटींचा वाढीव महसूल डोळ्यांपुढे ठेवून विदेशी मद्यावरचे शुल्क भरमसाट वाढवले गेले, देशीवरचेही वाढले. बियर आणि वाइन मात्र त्यातून सुटल्या. त्याच निर्णयात 'महाराष्ट्र निर्मित मद्य' असा धान्याच्या मद्याचा नवा वर्ग निर्माण झाला. नावात महाराष्ट्र आला की दारूही अस्मिता होते, हे राज्यकर्त्यांनी 'बिरा ९१'कडून शिकलेले दिसते.

'सौम्य' या शब्दाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण घरात मुलाचा दुसरा युक्तिवाद तोच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे की मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तर मद्यपेयांना १९८८ सालीच निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवले. पेय कारखान्यात झाले की हाताने, आंब्याची चव दिली की कोकमाची, हे यकृताला कळत नाही. आणि ज्या राज्यात आजही मद्य पिण्यासाठी कायद्याने वैयक्तिक परवाना लागतो, त्या राज्यात तो परवाना खिशात ठेवून 'क्राफ्ट'चा पेला उचलणारे किती असतात, हे त्या तरुणांनीच प्रामाणिकपणे सांगावे. परवान्यावाचून पिणारा पुण्याचा अभियंता आणि परवान्यावाचून गाळणारी दिघोरीची बाई, दोघांचाही कायदा एकच आहे. गाडी मात्र एकीकडेच जाते.

राहिला शब्दाचा मान. तो ज्यांचा आहे त्यांच्याकडे परत गेला पाहिजे. आपल्या गावगाड्यात कारू आणि नारू होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली लिहिलेल्या 'गावगाडा'त त्यांचा सारा संसार नोंदवलेला आहे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार यांना गावाने खळ्यावर बलुते दिले, कारण त्यांच्यावाचून गावाचे अडत होते. नांगर मोडला तर सुतार हवा, घागर फुटली तर कुंभार हवा. दारू गाळणाऱ्याला बारा बलुतेदारांत गावाने कधी बसवले नाही. गाव पीत नव्हते असे नाही. पण कारागीर कोणाला म्हणायचे, हे गावाला कळत होते. दारूवाचून गावाचे काही अडत नव्हते.

भंडारा जिल्ह्यात असे कारू आजही आहेत. आंधळगावचा कोसा आहे. जंगलातील ऐनाच्या झाडावर कोसाकिडे राखायचे, पाखरांपासून त्यांचे राखण करायचे, कोष उतरवायचे, उकळायचे, त्यातून हाताने तार काढायची आणि मग ती मागावर चढवायची. एका साडीमागे किती हात आणि किती महिने असतात, याचा हिशेब पेला दोन मिनिटांत रिकामा करणाऱ्यांनी करून पाहावा. गावोगावचे जुने तलाव आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी कोणत्याही अभियंत्यावाचून जमिनीचा उतार नजरेने मोजून ते बांधले आणि त्यांच्या पाण्यावर धान अजून पिकतो. आणि खुद्द भंडारा शहराचा लौकिक आहे तो पितळेच्या भांड्यांचा. एकेकाळी पहाटेपासून ठोक्यांचा नाद येणाऱ्या गल्ल्या स्टील आणि प्लॅस्टिकपुढे एकेक करून शांत झाल्या. त्या शांततेवर एकाही इंग्रजी साप्ताहिकाने 'क्राफ्ट'ची पुरवणी काढली नाही.

केंद्र सरकारने २०२३ च्या विश्वकर्माजयंतीला, १७ सप्टेंबर रोजी, 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली. हाताने काम करणाऱ्यांना ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी साहाय्य आणि विनातारण कर्ज देणारी ही योजना स्वागतार्ह आहे. बारा बलुतेदारांनंतर कारागिराची एवढी स्पष्ट सरकारी यादी प्रथमच झाली असावी. अठरा व्यवसायांच्या त्या यादीत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, बुरूड आहे. वैनगंगेच्या काठावर मासेमारीची जाळी विणणाराही आहे. मात्र योजना सुरू झाली तेव्हाच्या यादीत तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्याला स्वतंत्र स्थान नव्हते. भंडाऱ्याच्या लोकप्रतिनिधींनी ते मागून घ्यावे, ही येथील कार्यकर्त्यांनी आग्रहाने लावून धरण्याजोगी मागणी आहे.

आणि पुण्याला शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना एक साधा प्रश्न विचारावा. त्या ब्रूपबमध्ये काचेच्या भिंतीआड तांब्याच्या रंगाचे उंच, चकचकीत हंडे मोठ्या दिमाखात मांडलेले असतात. ते कोणाच्या हातचे आहेत?